झाडाखालची लख्ख जमीन

८ ऑक्टोबर १९८६, बुधवार

औषध आलं! बाटली एवढीशी, खोकल्याच्या औषधाएवढी. फळबागायतदार संस्थेचे सुपरवायझर व्यंकटराव जीपमधून स्वतः देऊन गेले. कोनाड्यात उंच ठेवली आहे, पोरांचा हात पोचणार नाही अशी. आणि मघापासून सारखी उठून बघते आहे. जशी काही ती पळूनच जाणार आहे.

व्यंकटराव म्हणाले ते आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझ्याच डोक्यात गोंधळ व्हायचा. बोरं हरभऱ्याएवढी झाली आहेत, हीच वेळ. फवारल्यावर चार-पाच दिवसांनी बारकी बोरं गळायला लागतील. झाडाखाली सडा पडेल. घाबरायचं नाही, तेच हवं आहे. निम्मी गळाली की उरलेल्यांना पाणी पुरतं, मग ती फुगतात. खाली जमिनीकडं बघा, म्हणाले, जमीनच सांगेल औषध लागू पडलं का ते.

हे सगळं झाल्यावर, एक पाय जीपमध्ये ठेवून म्हणतात कसे — हेच औषध थोडं मारलं तर फळ धरून ठेवतं, जास्त मारलं तर पाडतं. मी म्हटलं, आणि फारच जास्त झालं तर? "तर काही राहत नाही," म्हणाले आणि बसले.

हे आधी सांगायचं असतं!

९ ऑक्टोबर

सकाळपासून लक्ष त्या बाटलीत. भाकरी करपली. आत्याबाईंनी सासू असून बोल लावला नाही, करपलेली स्वतःच्या ताटात घेतली.

मला भीती कशाची वाटते ते एकदा सरळ लिहून टाकते. गेल्या साली बोरं लागली ती अशी लागली की फांद्या जमिनीला टेकल्या. पण पाणी कुठं होतं? विहिरीनं दिवाळीतच तळ दाखवला. बोरं राहिली गोटीएवढी, निम्मी तर वाटाण्याएवढी. संस्थेचा ट्रक आला, माणसानं पोत्यात हात घातला, एक बोर चावून थुंकलं, आणि आमची पोती तशीच उतरवून ठेवली. दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी होती. सगळं गाव बघून गेलं. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली फळबाग ना! बघायला येणाऱ्यांना तोटा नव्हता.

तेव्हा हे म्हणाले, अजून एक साल. पुढच्या साली ट्रकनं माल घेतला तर ठीक, नाहीतर बाग शेजारच्या रानाच्या कल्याणप्पाला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाकायची आणि सगळ्यांनी परंड्याला राहायला यायचं. हे एसटीत कंडक्टर, कुर्डुवाडीच्या गाडीवर. तिथं एक खोली आहे, सुट्टी जुळली की घरी येतात. माणूस वाईट नाही. दमलेला आहे. पण त्या खोलीच्या खिडकीतून डेपोची भिंत दिसते, दुसरं काही नाही. मी तिथं काय करू? साठ झाडं मी उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून जगवली. प्रत्येक झाड मला पाठमोरं ओळखू येतं.

जमीन आत्याबाईंच्या नावावर आहे, म्हणजे कागदावर अंगठा त्यांचा लागणार. पण त्या काय! मुलगा म्हणेल तिथं उठवतील.

ते हे साल आलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

मारलं.

संस्थेचा पाठीवरचा पंप, भरला की पोरगं पाठुंगळी घेतल्यासारखा जड. पंपाला एक टोपण औषध, काठोकाठ नाही, वरची रेघ बघून. टोपण तीन-तीनदा डोळ्यांपुढं धरलं. आत्याबाई विहिरीतून घागरी आणून ओतत होत्या. त्यांना पहिल्यापासून हे पटलेलं नाही. "लेकरावानी वाढवलं, आन आता पाडायचं औषद?" एवढंच म्हणाल्या, सकाळी. पण पाणी एकदाही कमी पडू दिलं नाही.

बाई पंप घेऊन फवारते म्हणून रस्त्यावरचे थांबून बघत होते. बाग नेमकी गावच्या रस्त्याला लागून, काही म्हणून झाकत नाही. कल्याणप्पा मोटारसायकल थांबवून म्हणाले, बरं चाललंय. ते काहीही म्हणाले तरी मला टोचतं.

आभाळ येऊ नये. औषध धुऊन जाईल. दुष्काळात पाऊस नको म्हणणारी मी एकटीच असेन या जिल्ह्यात.

१२ ऑक्टोबर

आभाळ नाही. बोरं जिथल्या तिथं.

१४ ऑक्टोबर

आज धम्मदीक्षेचा दिवस. विहारात वाड्यातल्या सगळ्या बायका. मी आणि शेजारच्या विठाबाईंनी विहार झाडून काढला, आत्याबाईंनी हार केले, समया घासल्या, पाणी भरलं, सतरंज्या झटकल्या. खराट्याला तेवढा हात लावला नाही. ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी सांगतही नाही.

घरातसुद्धा केर मीच काढते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासूपणाचा ताठा आहे. मग एकदा त्यांनीच सांगितलं. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या रोज फटफटायच्या आत चावडी झाडायच्या, मग पाटलाच्या दारापुढचं, मग वेशीपर्यंतचा रस्ता. गाव उठायच्या आत परत यायचं, कोणाच्या नजरेला पडायचं नाही. दीक्षा घेऊन आल्या त्या दिवशी खराटा चुलीत घातला आणि त्या जाळावर घरच्यांना चहा केला. "लई बेस झाला व्हता च्या," म्हणाल्या. तेव्हापासून खराटा धरलेला नाही, केरसुणी नाही, काही नाही. पालापाचोळा हातानं वेचतील पण झाडणार नाहीत.

बागेत जाईपर्यंत आज ऊन चढलं होतं. खाली काही नाही. उद्यापासून गळायला लागेल. चार-पाच दिवस म्हणाले होते, आज कुठं तिसरा.

१५ ऑक्टोबर

काही नाही.

१६ ऑक्टोबर

आजही नाही! माझा जीव टांगणीला लागला आहे. सकाळी हातपंपाच्या रांगेत उभी असते तरी चित्त बागेत. आत्याबाई पहाटेच बागेत जातात, गुरं-शेरडं आत शिरू नयेत म्हणून. मी पाणी भरून, पोरांची शाळा आटोपून पोचेपर्यंत ऊन चढतं. जाते ती खाली वाकून बघत जाते, हरवलेलं डोरलं शोधावं तशी. झाडाखालची जमीन लख्ख. एखाद-दुसरं बोर सापडतं. एखादं तर वाऱ्यानंही पडतं!

आत्याबाईंना विचारलं, पहाटे काही पडलेलं दिसलं का? "पडतंय जरा जरा," म्हणाल्या आणि विळा घेऊन बांधाला गेल्या. जरा जरा! मला धीर द्यायला म्हणतात, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर

वर बघितलं तर कमी झाल्यासारखी वाटतात. पण बोरीच्या पाल्यात हरभऱ्याएवढं फळ दिसतं कुठं, आणि काटे डोळ्यांत जातात. कधी वाटतं कमी आहेत, कधी वाटतं तेवढीच. मनाचे खेळ. खाली काही नाही म्हणजे पडलं नाही, हा साधा हिशेब आहे. गळालेली बोरं काही उडून जात नाहीत.

कल्याणप्पा आज मुद्दाम बांधाशी उभे राहिले. औषधानं काय झालं, विचारलं. मी म्हटलं, वेळ लागतो. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

संस्थेत जाऊन आले. व्यंकटराव गावी गेले आहेत, घरी आजारपण आहे, दिवाळीनंतर येणार. कचेरीत दुसऱ्या कोणाला औषधातलं काही कळत नाही. तिथल्या कारकुनानं चहा पाजला. चहानं काय होतं?

परतीच्या एसटीत एकच विचार. टोपण मी रेघेच्या खाली तर भरलं नाही ना? तीन वेळा बघितलं, पण माझेच डोळे. औषध कमी पडलं असलं तर काय होतं? थोडं मारलं तर धरून ठेवतं! म्हणजे मी या साठ झाडांवर एकूण एक बोर घट्ट बसवून ठेवलं की काय! पुन्हा गोटीएवढी बोरं. पुन्हा ती पोती रस्त्याच्या कडेला.

शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागली, तिनं खिडकी उघडून दिली.

२० ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा मारलं. दोन टोपणं.

उशीर केला तर बोरं मोठी होतील आणि मग कुठलंच औषध चालणार नाही, असं व्यंकटराव पहिल्या दिवशी बोलले होते. पंप परवा परत द्यायचा आहे. मग कोणाची वाट बघू? हे सुट्टीला येणार ते पुढच्या आठवड्यात.

आत्याबाईंनी पाणी आणलं नाही. सकाळी मी टोपण भरत होते तर समोर येऊन उभ्या राहिल्या. "पुन्यांदा कशापायी, बने?" म्हणाल्या. मी म्हटलं, पहिलं लागू पडलं नाही. त्या म्हणाल्या, "तसं न्हाय गं. आईक..."

आणि मी त्यांना बोलू दिलं नाही. म्हटलं, तुम्हाला काय कळतं औषधातलं, तुम्ही मध्ये पडू नका. पदर सारखा करत तशाच उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या.

आजवर त्यांच्याशी असं बोलले नव्हते. रात्री ताट वाढलं तेव्हा मान खाली घालूनच वाढलं. माफी मागायला जीभ उचलली नाही.

२३ ऑक्टोबर

पडतंय!! आज ऊन चढल्यावर गेले तर झाडांच्या आळ्या-आळ्यांत हिरवी बोरं! एक बोर उचलून पदराला बांधून आणलं. लागू पडलं, देवा — असं लिहिलं, सवयीनं. असो. आज मी पोटभर जेवले.

२४ ऑक्टोबर

खूपच पडली आहेत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही. फांदी हलवली नाही, नुसता हात लागला तरी टपाटपा पडतात. देठ पिवळे झाले आहेत. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबतो.

हातपंपावर लालबी भेटली. दादामियाँची बायको, शेळ्या पाळते, आमच्या बागेच्या खालच्या अंगाला तिचं घर. ती म्हणाली, "बना, तुझी सासू रागावली का गं मला? आठवडाभर रोज सकाळी पाटीभर बोरं देत व्हती शेळ्यांना. आता एवढा सडा पडलाय तर देत न्हाय." मला आधी कळेचना. कुठली बोरं? "अगं झाडाखालची. झाडून ठेवायची ना ती पहाटंच."

मी म्हटलं, कोण झाडायचं?

"तुझी सासू, आन कोण?" म्हणाली. माझी घागर भरून वाहत होती.

तिला एवढंच सांगितलं की आता ही बोरं शेळ्यांना अजिबात घालू नकोस, औषध जास्त आहे. आत्याबाईंनी द्यायचं थांबवलं ते त्यासाठीच असणार. मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं.

नाही, लालबीचं काहीतरी चुकतंय. आत्याबाई आणि खराटा? गावात कोणालाही विचारा.

२६ ऑक्टोबर

आज घागरी रांगेत ठेवल्या, लालबीला नंबर धरायला सांगितलं आणि थेट बागेत गेले. नुकतं फटफटत होतं.

आत्याबाई रस्त्याकडच्या ओळीत वाकून झाडत होत्या. तुराट्यांचा खराटा, स्वतः बांधलेला. एवढा मोठा सडा एकट्यानं आवरत नव्हता, तरी झाडत होत्या. धूळ उडत नव्हती. काय सराईत हात! तीस वर्षं खराटा धरला नाही आणि हात विसरलेला नाही. मला ते बघवेना.

मी हाक मारली तर दचकल्या, आणि खराटा पाठीमागं लपवला. माझ्यापासून! पन्नाशीची बाई, माझी सासू.

म्हणाल्या, "ह्या रस्त्यानं समदं गाव जातं, बने. गळाल्यालं बघितलं असतं तर म्हणले असते, बघा, ह्यांच्या हाताला झाड येत न्हाय. तू पडल म्हणलीस ते मला ठावं व्हतं. पर लोकाला कुठं ठावं हाय? म्हणून म्या उजाडायच्या आत काढून टाकायची."

मी ओरडले. मला सांगायचं तरी! पहिल्या वेळेलाच लागू पडलं होतं! मी दुसऱ्यांदा मारलंच नसतं!

"सांगणारच व्हते त्या दिशी. तू बोलू दिलं न्हायस." आणि जरा वेळानं, "आन खरं सांगू का, मलाबी जीभ रेटंना. पुन्हा खराटा धरला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

रस्त्यावर कोणाची तरी बैलगाडी वाजली. आत्याबाईंनी पटकन खराटा कुंपणाच्या काट्यांत खुपसला आणि हात पुसले.

२७ ऑक्टोबर

बोलत नाही आम्ही. पोरं एकीकडून दुसरीकडं निरोप नेतात.

२८ ऑक्टोबर

मला त्यांचा फार राग येतो. मग मला त्या रागाची लाज वाटते, मग पुन्हा राग येतो. दिवसभर हेच. लख्ख जमीन बघून मला एकदाही शंका आली नाही, याचंही नवल वाटतं. आमच्या घरात खराटा मी सोडून कोणी धरत नाही, ही गोष्ट मला सूर्य उगवण्याइतकी पक्की होती. दुसऱ्या कोणाच्या सुनेनं ती लख्ख जमीन बघून पहिल्याच दिवशी विचारलं असतं, सासूबाई, झाडलं का?

आणि मी वर बघितलं होतं. कमी झाल्यासारखी वाटली होती. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर!

२९ ऑक्टोबर, बुधवार

हे आले. बागेत जाऊन आले आणि ओट्यावर बसले. रागावले नाहीत. पाणी मागितलं. एकेका झाडावर ओंजळभर बोरंसुद्धा राहिलेली नाहीत, ट्रक कशाला येईल? मी सांगितलं, औषध माझ्या हातून जास्त झालं. दोनदा मारलं, माझ्याच हट्टानं. खोटं त्यात काहीच नव्हतं. खराट्याचं मात्र सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

आत्याबाई चुलीपुढं होत्या. सगळं ऐकत होत्या. माझ्याकडं एकदा बघितलं फक्त.

हे म्हणाले, दिवाळी झाली की कल्याणप्पाला कागद घेऊन बोलावतो. पोरांच्या शाळेचं परंड्याला विचारून ठेवलं आहे. म्हणजे आधीच विचारलं होतं! मला वाटलं रडू येईल. आलं नाही. उठून भांडी घासली.

२ नोव्हेंबर

दिवाळी. पोरांनी चार फटाके उडवले. बागेकडं गेले नाही.

३ नोव्हेंबर

न राहवून गेले. साठी झाडांना हात लावून आले. एका झाडावर, विहिरीकडच्या, सात-आठ बोरं आहेत, चांगली सुपारीएवढी झालेली. सबंध फांदीचं पाणी त्यांनाच मिळतंय. व्यंकटराव म्हणाले होते तशीच फुगताहेत. बघून आनंद व्हावा की काय व्हावं! कल्याणप्पाच्या हातात ही झाडं जायची म्हणजे तो उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालणार आहे का? नाही. पहिल्या उन्हाळ्यातच वाळतील, आणि मग बांधावर सरपण.

आत्याबाईंना हे सांगावंसं वाटलं. आठवडा झाला, आम्ही कामापलीकडं बोललो नाही. आले तेव्हा त्या पोरांना जेवू घालत होत्या. सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "सुपारीएवढी?" मी म्हटलं, हो.

५ नोव्हेंबर, बुधवार

कल्याणप्पा आज आले. सोबत हे. कागद तयार, शाईची डबीही आणलेली. आत्याबाई घरात नव्हत्या, म्हणून आम्ही सगळे बागेकडं निघालो. शेताला जाणाऱ्या बायका रस्त्यात उभ्या होत्या, दोन गाड्या थांबल्या होत्या, चावडीवरची माणसंही आली होती. सगळे आत बघत होते. आत्याबाई रस्त्याकडच्या ओळीत झाडत होत्या. भर उन्हात, सगळ्या गावादेखत, तोच तुराट्यांचा खराटा. गळालेल्या बोरांचा ढीग त्यांनी रस्त्याच्या कडेला लावला होता, कोणाला दिसायचं राहू नये असा. ह्यांनी हाक मारली, आई, अंगठा द्यायचाय. आत्याबाईंनी मान वर केली नाही. "माझा हात मोकळा न्हाय," म्हणाल्या आणि पुढच्या झाडाखाली गेल्या.